घरची बॅटरी अनुसयेची

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते बॅटरीत पाणी टाकण्याचं.

सोमवारची सकाळ होती. अंगणात गाडी उभी. गाडीच्या मागच्या दारात अनुसया मांडी घालून बसली होती, हातात बॅटरीच्या पाण्याचं डबडं. मी टॉर्च धरून उभा. दिवसाढवळ्या टॉर्च, कारण बॅटऱ्यांच्या पेटीत अंधार असतो.

"अजी, उजेड माझ्या डोळ्यात कायले मारून राहिले? तिच्या डोळ्यात मारा ना."

"बॅटरीले डोळे कुठं असतात?"

"सहा असतात. तुमाले दोन असून दिसत नाही."

एका बॅटरीला सहा झाकणं. त्या सहा भोकांना ती डोळे म्हणायची. दोन्ही बॅटऱ्या भरून झाल्या, झाकणं घट्ट केली, पदरानं पुसून काढलं आणि म्हणाली, "झालं. आता महिनाभर पाहाचं काम नाही." मग वरणभात जेवली, आडवी झाली. चार वाजता मी चहासाठी उठवायला गेलो तर उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

तेरवी आटोपली की गाडी विकायची, असं आमच्या पोरानं, नरेशनं, ठरवलं. गिऱ्हाईक पण पाहून ठेवलं. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. बॅटरीतलं मला काही कळत नव्हतं, आणि बॅटरीशिवाय ती गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. सांभाळणारी गेली तर ठेवून काय करू, एवढाच प्रश्न होता. तो कसा सुटला ते सांगतो, पण आधी ही बाई काय चीज होती ते ऐका. नाहीतर तुम्ही म्हणाल, बुढा बॅटरीसाठी रडून राहिला.

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं ट्रक चालवला, राइस मिलचा तांदूळ देशभर पोचवला. स्टेरिंग सुटलं की हात रिकामे वाटायचे, म्हणून म्हातारपणी शाळेची जुनी मिनीबस घेतली. बाकडी उपटली, दोन दिवाण ठोकले, शेगडी बसवली, पाण्याची टाकी, दोन लाइट, एक पंखा. नागपूरचा एक पाहुणा म्हणाला, याला मोटरहोम म्हणतात. मी घरगाडी म्हणतो. आमच्या अर्जुनीच्या बाजूचे लोक काहीच म्हणत नाहीत, नुसते हसतात.

पहिली वारी केली आमच्याच बाजूच्या प्रतापगडच्या यात्रेला, महाशिवरात्रीला. मी ट्रकवाला. मला एकच बॅटरी माहीत, इंजिनची. तिलाच पंखा जोडला, लाइट जोडले, रेडिओ जोडला. रात्रभर पंखा फिरला. सकाळी चावी फिरवली तर इंजिन नुसतं कण्हलं. मागं शंभर गाड्या, भोंग्यांचा कल्लोळ. शेवटी भाविकांनी "हर हर महादेव" म्हणत ढकलायला सुरुवात केली. एकजण घाम पुसत म्हणाला, "बाबा, आतमंदी कोन बसली हाय? उतरवा ना तिले."

अनुसया आत दिवाणावर बसून तांदूळ निवडून राहिली होती. खिडकीतून म्हणाली, "मी आपल्या घरात हावो. घरातून कायले उतरू?"

लोकांनी तिला घरासकट ढकललं.

अर्जुनीच्या मिस्त्रीनं मग समजावलं. इंजिनची बॅटरी एका झटक्यापुरती. घराला वेगळी लागते, हळूहळू देणारी, आणि तिला चार्ज करायला उन्हाची पाटी, म्हणजे सोलर, छतावर. मी डोकं खाजवत होतो. अनुसयेला पहिल्या वाक्यात कळलं. तिचा बाप चिचगडचा बैलांचा व्यापारी, ती बैलबाजारात वाढलेली.

"म्हनजे शंकरपटाचा बैल वेगळा अन् नांगराचा वेगळा," ती म्हणाली. "एक पळते, एक दिवसभर ओढते. तुमी पटाच्या बैलाले रातभर नांगराले जुंपलं."

मिस्त्री म्हणाला, "काकू, मी आयटीआय केलो, पन असं कोनी नाही शिकवलं."

तिथल्या तिथं वाटणी झाली. "इंजिनची तुमची, घरची माझी. माझ्या बॅटरीले हात लावान तं पाहा."

बॅटरी घ्यायला आम्ही गोंदियाला गेलो. दुकानदाराला वाटलं, म्हातारी सोबत आली आहे. म्हातारीनं बॅटरीला दोन्ही हातांनी धरून उचलून पाहिलं. मग दुसरी उचलली. मग म्हणाली, "काटा लाव. वजन कर."

"अम्मा, ये बैटरी है, बैल नहीं है."

"मालूम है. बैल रहता तो दात देखके समजता. ये तो तोंडच नहीं खोलती."

शेजारच्या धान्याच्या दुकानात काट्यावर बॅटऱ्या चढल्या. एक हलकी भरली. "इसमें शिसा कम है, उपाशी है ये," म्हणून तिनं परत पाठवली. मग दुकानदारानं दोन जड आणल्या, तर एकीवर ताजा महिना छापलेला आणि दुसरीवर मागच्या वर्षीचा. तो म्हणाला, चलेगा.

"नहीं चलेगा," अनुसया म्हणाली. "बुढा बैल अन् गोऱ्हा एका जुवाले लावला का दोघंबी मरते. बुढा ओढत नाही अन् गोऱ्ह्याले ओढू देत नाही."

दुकानदारानं गोदामात माणूस धाडला. एका महिन्याच्या, एका वजनाच्या, एका कंपनीच्या दोन बॅटऱ्या निघेपर्यंत आम्ही तिथं दोनदा चहा प्यायलो. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, आपकी शादी के टाइम भी तौला था क्या?" मी म्हटलं, तोललंच असेल सासऱ्यानं. मला काय सांगणार ते?

अनुसया शाळेत गेली नव्हती. म्हणून आकड्यांचं मीटर नको, काट्याचं घेतलं. मिस्त्रीनं दाखवलं, काटा इथं आला म्हणजे बॅटरी अर्धी झाली, याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य घटते. तिनं कपाळावरची टिकली काढून त्या जागी काचेवर चिकटवली. त्या दिवसापासून घरगाडीत देवापेक्षा काटा मोठा. पंखा लावू का? "काट्याले विचारा." मोबाइल चार्ज करू का? "मले नोका विचारू, काट्याले विचारा." काटा टिकलीला टेकला की ती खटका ओढायची, मग समोर कोणीही असो.

एकदा नरेशचा सासरा आला. मोठा माणूस, आमच्या गाडीतल्या छोट्या टीव्हीवर क्रिकेट पाहत बसला. शेवटची ओव्हर, चार बॉल बाकी. अनुसयेनं खटका ओढला.

"विहीनबाई!" तो ओरडला.

"अर्ध्या पोटी उठाव मानसानं," ती म्हणाली. "घ्या, चिवडा खा."

कोण जिंकलं ते व्याह्यानं तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिनं विचारलं पण नाही.

बॅटरी चार्ज होताना तिच्यातून गॅस निघतो, ठिणगी पडली तर पेट घेतो, असं मिस्त्री बोलून गेला. झालं. पेटीला भोकं पाडली, "तिलेबी श्वास लागते" म्हणून, आणि माझी बिडी गाडीबाहेर. मग गाडीपासून दहा हात. मग वीस. आम्ही एकदा तळ्याच्या काठी मुक्कामाला होतो, तिथं मी बिडीसाठी इतका लांब गेलो की फॉरेस्टच्या माणसानं हटकलं. मी बिडी सोडली. जे डॉक्टरला जमलं नाही ते दोन काळ्या डब्यांनी केलं.

तिच्या एकाही लुगड्याला धड काठ राहिला नाही. ॲसिडचा थेंब उडायचा, दोन दिवसांनी तिथं भोक. बॅटरीच्या टोकांना गंज लागू नये म्हणून व्हॅसलिन लावायची, आणि बोटाला उरलेलं आपल्या टाचांना. लग्नाला गेली तरी तीच भोकांची लुगडी. बायका कुजबुजायच्या, नवरा पेन्शनीचं काय करते कोन जाने. मला पेन्शन नाही, पण बोलणी मी खाल्ली.

आता पोळ्याचं ऐका. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, म्हणून तिनं सकाळीच सगळे खटके बंद केले. पंखा नाही, लाइट नाही. "आज त्याइचा सन हाय." दोन्ही बॅटऱ्या पुसल्या, हळद लावली, पुरणपोळीचा तुकडा समोर ठेवला. शेजारपाजारचे बघायला जमले. पोळ्यात म्हणतात तशी झडती पाहिजे, असं कोणीतरी चिडवलं. तिनं उभ्या उभ्या रचली:

"काळा रे डबा, चौकोनी डबा,
पोटात पानी, गावात दबदबा.
पंखा फिरे गरगर, बुढा झोपे घरघर,
हर बोला हर हर महादेव!"

लोकांनी जोरात हर हर महादेव केलं. बाईला चेव चढला. ट्रंकेतून बापाच्या बैलाची पितळी घुंगरमाळ काढली आणि दोन्ही हातांनी बॅटरीवर चढवली.

पितळेची माळ, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर! असा फटाका फुटला की अंगणातलं कुत्रं तीन दिवस घरी आलं नाही. निळी ठिणगी, धूर, दोन घुंगरं वितळून एकमेकांना चिकटली, आणि अनुसया मागच्या मागं येऊन माझ्या अंगावर पडली. हाताला फोड, पदराला जळाल्याचा वास.

ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "जोर हाय ना पन!"

मी हसलो. ती माझी चूक होती. मला पुरणपोळी संध्याकाळी मिळाली. पुढच्या पोळ्यापासून बॅटऱ्यांना झेंडूची माळ.

एक गोष्ट मला कधी समजली नाही. ही बाई घरगाडीतून घरी यायला तयारच नसायची. नवेगावबांधला तलावाच्या काठी पाच-पाच दिवस झाले, मी म्हणायचो, चल आता. ती मीटरकडं बोट दाखवायची. "कायले जाता? काटा तं पाहा कुठं हाय!" मला वाटायचं, बॅटरीचा गर्व. ढग आले, उन्हाच्या पाट्या थंड पडल्या, तर ती लाइटशिवाय बसायची, पंख्याशिवाय बसायची, पण काटा खाली येऊ द्यायची नाही. काटा टिकलीला टेकला म्हणजे मी इंजिन चालू करून घराकडं वळणार, हे तिला ठाऊक होतं.

तेरवीच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे पांगले. तिची मोठी बहीण देवकाबाई, म्हणजे माझी आकडसासू, चिचगडहून आलेली, तेवढी राहिली. ओसरीवर सुपारी कातरत बसली होती.

"जवाई, गाडी विकून राहिले म्हने."

"नरेश म्हणते. मलाही वाटते. बॅटरीचं कोण पाहीन आता? तिचा शौक होता तो."

देवकाबाईनं अडकित्ता खाली ठेवला.

"तिले बॅटरीचा शौक होता वाटते तुमाले?"

"मंग?"

"तुमी चाळीस वर्सं ट्रकवर. महिन्यात चार दिवस घरी. ट्रक सुटला तं तुमी पारावर. सकाळी गेले का जेवाले येता, जेवले का परत पारावर. ती मले म्हने, बाई, गाडीत असला का बुढा चार हातावर राहते. जाईन कोठी? बॅटरी संपली का घरी चाल म्हनते, घरी आला का पार धरते. म्हनून मी संपूच देत नाही." मग ती पुन्हा सुपारी कातरायला लागली. "शौक म्हने! शौक तं तुमचा होता तिले. कोन जाने काऊन."

मी उठून गाडीत गेलो, काटा पाहिला. टिकलीच्या कितीतरी वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. मी नरेशला म्हटलं, सांग त्याला, गाडी विकायची नाही.

"बाबा, अन् बॅटऱ्या कोन सांभाळन?"

"मी शिकतो."

"या वयात?"

"तुही माय साठीत शिकली. तिले तं अ-आ पण येत नव्हतं."

देवकाबाई पिशवी घेऊन एसटीसाठी निघाली होती. मी म्हटलं, बसा गाडीत, सोडून देतो. ती मागं दिवाणावर बसेल असं वाटलं, पण पुढं माझ्या बाजूच्या सीटवर चढून बसली. कोहमारा गेलं, मोठा रस्ता लागला, आणि ती बोलायला लागली. लहानपणच्या गोष्टी. पन्नास वर्षं संसार केला, मला त्यातली एक माहीत नव्हती.

बैलबाजारात सौदा शेल्याखाली होतो. दोघं शेल्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. नऊ वर्षांची अनुसया बापाच्या पाठीशी उभी होती. बाप कोणाशी तरी बोलायला वळला, आणि हिनं शेल्याखाली आपलाच हात घातला.

"समोरच्यानं बोटं दाबली," देवकाबाई सांगत होती, "हिनंबी दाबली. त्याले कायले समजते, कोनाचा हात हाय! सौदा पक्का! मांगल्यापेक्षा जास्त भावात. मंग बाबा वळून पाहतेत तं हिचा हात शेल्यात..."

ती हसून हसून बोलेना. मी पण हसत होतो, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. देवरी आली. चिचगडचा फाटा दिसला. मी गाडी सरळ जाऊ दिली.

"जवाई! फाटा मांगं राहिला ना!"

"राहू द्या," मी म्हटलं. "मंग बाबा काय म्हणाले?"