शकूच्या घराच्या जागी पांढरं

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता भोरपिंपळच्या तांबट आळीत नगरपरिषदेच्या माणसांनी वेणूताई तांबट आणि त्यांची धाकटी जाऊ शकुंतला यांच्या दारांमधली रेघ पुसली, आणि समोरचं शकूचं घर वेणूताईंना दिसेनासं झालं. उंबऱ्यापासून कौलांपर्यंत नुसतं पांढरं उरलं. त्यावर नियमाप्रमाणे शिक्का होता : माहिती उपलब्ध नाही.

भोरपिंपळमध्ये कुणाचं कुणाशी नातं आहे ते रस्त्यावर रंगवलेलं असतं. नातं पक्कं असेल तर अखंड रेघ, खात्री नसेल तर तुटक. अखंड रेघेवरून माणूस सरळ दारात पोचतो. तुटक रेघेवरून घर अंधुक दिसतं, दार सापडत नाही. रेघच नसली की पांढरं. गावाची याबद्दल तक्रार नव्हती. हल्ली रंग फार पातळ येतो, एवढंच लोक म्हणत.

वेणूताई ओल्या हातांनी तशाच नगरपरिषदेत गेल्या. रेघा विभागाचे कुंभोजकर डबा उघडत होते.

"माझी रेघ कुणी पुसली?"

"बसा मावशी. पाहणीला आमची माणसं आली तेव्हा तुम्हीच म्हणालात, जावेशी बोलत नाही म्हणून."

"नाहीच बोलत! सतरा वर्षं झाली."

"मग संपर्क नाही. संपर्क नाही म्हणजे माहिती नाही."

"माहिती नाही?" वेणूताईंचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "ती पहाटे उठून खोकते ते मला माहीत आहे. चहातली साखर बंद केलीय ते माहीत आहे. माझं घंगाळ लग्नाला नेलं आणि पोचा पाडून परत आणलं, तांबटांची सून असून, तेही माहीत आहे. अबोला आहे आमचा! अबोला धरायला समोर आपलं माणूस लागतं. तुमच्याशी धरलाय का मी अबोला?"

कुंभोजकरांनी मान्य केलं की त्यांच्याशी धरलेला नाही. पण अबोल्यासाठी रंग मंजूर नव्हता.

"एकदा बोलून घ्या. लगेच रेघ मारतो."

"दार दिसत नाही. बोलू कुठे?"

"दारांचं आमच्याकडे येत नाही, मावशी."

शकूला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते. राहिली आळी. आळीला पाहणीत विचारलं तेव्हा जो तो म्हणाला, "तशी ओळख आहे." 'तशी' म्हटलं की तुटक रेघ मिळते. ज्यांनी शकूच्या हातचं लोणचं वर्षानुवर्षं मागून खाल्लं, त्यांनाही आता तिचं घर धुक्यातल्यासारखं दिसत होतं, आणि त्यांचं काही अडत नव्हतं.

वेणूताईंचं अडलं. त्या पांढऱ्यातून खोकलाही ऐकू येत नव्हता.

मग त्यांना मन्या आठवला. मन्या दोन्ही घरी जेवणारा बोका. सतरा वर्षांतला सगळा व्यवहार आधी त्याच्या आईमार्फत आणि नंतर त्याच्यामार्फत झाला होता. वेणूताई ओट्यावरून म्हणायच्या, "मन्या, सांग रे तिला, नळाला पाणी आलंय." समोरून उत्तर यायचं, "मन्या, भरलं म्हणावं. लोकांनी आपली गुडघेदुखी बघावी."

कुंभोजकरांनी हे ऐकून नियम पाहिला. मध्यस्थ चालत होता, तो माणूसच हवा असं कुठे म्हटलं नव्हतं. त्यांनी वेणूताईंपासून मन्यापर्यंत आणि मन्यापासून पांढऱ्यापर्यंत अखंड रेघ मंजूर केली. मन्या एका जागी बसत नसल्याने रंगाची बादली घेऊन एक माणूस त्याच्यामागे नेमला. दोन दिवसांत आळीतले ओटे, पत्रे आणि गटाराच्या कडा रेघांच्या रंगाने काळ्या झाल्या.

"मजा आहे बोक्याची," शेजारच्या सुमन करडे म्हणाल्या. "त्याला अखंड, आम्हाला ठिपके."

"तुम्ही ठिपक्यांएवढंच बोललात," वेणूताई म्हणाल्या.

पुढची रेघ मन्याची असल्याने तो एकटाच रोज सकाळी पांढऱ्यात शिरायचा आणि मिशा चाटत बाहेर यायचा. म्हणजे आत दूध तापत होतं. वेणूताई तेवढं बघायच्या आणि मग चूल पेटवायच्या.

एका सकाळी मन्या मिशा न चाटता बाहेर आला आणि वेणूताईंच्या पायात घोटाळून ओरडू लागला. त्या पुन्हा कचेरीत गेल्या.

"बोक्याची रेघ शाबूत आहे," कुंभोजकर म्हणाले. "आमच्याकडून काम पूर्ण आहे."

वेणूताई परत आल्या त्या थेट पांढऱ्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मन्याला त्यांनी बाजूला केलं.

"शकू!"

आळीतले हातोडे थांबले. सतरा वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"शकू, ऐकतेस का? घंगाळाचं मरू दे गं. पोचा मी तेव्हाच काढून घेतला होता."

आतून काही आलं नाही. बादलीवाल्याने कचेरीत कळवलं, कुंभोजकर स्वतः आले. हाक मारल्याची त्यांनी खात्री करून घेतली. हाक एकतर्फी असल्याने तुटक रेघ मारण्यात आली. ती वेणूताईंच्या उंबऱ्यापासून निघते आणि पांढऱ्याच्या कडेला संपते. पांढरं थोडं करडं झालं आहे. दार दिसत नाही.

वेणूताई त्या कडेला पाट टाकून बसल्या आहेत. मन्या आजही आत जाऊन आला. त्याच्या मिशा कोरड्याच होत्या. आत जाऊन कोण बघणार, हे नगरपरिषदेने अजून सांगितलेलं नाही.