बाबांनी लावलेला आवाज

"माणसाचा हात जाईल एवढी तरी जागा ठेवायची ना," कपाटामागून नवरा पुटपुटला. "ही पिन घालायला उंदीर नेमायला हवा."

सूनबाई त्याच्या कानाशी मोबाइलचा उजेड धरून वाकली होती. तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं: पिन घालूच नकोस, कपाटच काढ. पण हे उत्तर गेलं वर्षभर जिभेवरच मुक्कामाला होतं. आजही ते बाहेर पडलं नाही.

कपाट म्हणजे सासऱ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या डोक्यावर रेकॉर्ड प्लेअर, दोन्ही अंगांना कमरेइतके उंच स्पीकर आणि हा सगळा गोतावळा पोटात घेऊन बसलेलं सागवानी धूड. घरातला एकुलता एक उजेडाचा कोपरा त्याने अडवला होता. सूनबाई घरी शिवणकाम करायची आणि तिचं मशीन असायचं जेवणाच्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की मशीन खाली, जेवणं आटोपली की मशीन वर. मध्यंतरी नवऱ्याच्या घासात टाचणी निघाली, तर बिचारा "बारीकच आहे" म्हणून पुढे जेवत राहिला. आता एका शाळेने सगळ्या गणवेशांचं काम तिला देऊ केलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी एवढंच विचारलं होतं, "कापड बेतायला मोठं टेबल मांडायची जागा आहे ना तुमच्याकडे?" उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. टेबल त्या कोपऱ्यात अगदी नीट बसलं असतं. पण तिथे सासरे बसले होते. म्हणजे ते जाऊन वर्ष झालं होतं, तरी बसलेलेच होते.

ते गेल्यापासून त्या यंत्राच्या आवाजाच्या बटणाला कुणी हात लावत नसे. सासऱ्यांनी शेवटचं जिथे ठेवलं तिथेच ते राहू द्यायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण जाता-येता सगळे त्याला देवळातल्यासारखा वळसा घालायचे. यंत्र चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या स्विचने. त्यातून रेकॉर्ड प्लेअरची सुई मोडली आणि यंत्र मुकं झालं. नवऱ्याला ते बघवेना. आईला घर खायला उठत असेल, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो एक छोटी डबी घेऊन आला. डबी यंत्राला जोडायची, मग फोनमधली गाणी बिनतारी त्यातून वाजतात.

"झालं," तो धूळ झटकत बाहेर आला आणि खांदा लावून कपाट भिंतीला पार चिकटवून टाकलं. "आता ऐक, आई."

सासूबाई खुर्चीत हात जुळवून बसल्या. "ऐकते हो," त्या म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागल्यावर माणूस म्हणतो, तसं.

गाणं लागलं. सुईचा आवाज मुळात नाजूक, त्यामुळे बटण चांगलंच चढवून ठेवलेलं होतं. फोनचा आवाज काही नाजूक नव्हता. शोकेसमधल्या कपबश्या एकमेकींवर आपटायला लागल्या.

"बटण जरासं..." सूनबाई म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने वाक्य तिथल्या तिथे वळवलं. "...किती चमकतंय, नाही? काय भारदस्त आवाज आहे."

त्याने फोनवरच आवाज कमी केला. कपबश्या शांत झाल्या. आता कुठे सगळे मान डोलावायला लागतात, तोच त्याच्या फोनची बॅटरी संपली. गाणं बंद पडलं आणि डबी कुठल्याही फोनला जोडली जायला मोकळी झाली.

वरच्या मजल्यावर ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर नुकतेच राहायला आले होते. त्यांनी शिकाऊ लोकांसाठी आपलेच धडे रेकॉर्ड केले होते आणि ते ऐकायला नवा स्पीकर आणला होता. नेमके आत्ताच ते तो जोडायला बसले, तर फोनवर दोन नावं दिसली: एक त्यांच्या स्पीकरचं, एक खालच्या डबीचं. मास्तरांनी चष्मा न लावता त्यातल्या एकावर बोट ठेवलं.

"क्लच पूर्ण दाबा," कपाट गरजलं.

सासूबाईंनी नकळत पाय दाबला.

"हे काय आहे?" सूनबाईने विचारलं.

"कुणाचा तरी फोन लागलाय आपल्या डबीला. थांबेल आत्ता."

थांबण्याचं काही चिन्ह नव्हतं. वर मास्तरांना नव्या स्पीकरमधून चकार शब्द ऐकू येत नव्हता, म्हणून ते आवाज वाढवत होते. जसजसे ते वाढवत होते तसतसं खाली घर हादरत होतं. सूनबाईने दोन रजया आणून स्पीकरांवर टाकल्या. त्या आतून उडायला लागल्या.

"घाबरू नका. आरशात बघा. मागे कोण आहे?"

"अरे, स्विच तरी बंद कर," सूनबाई ओरडून म्हणाली.

स्विच कपाटामागे होता, आणि कपाट भिंतीला. नवऱ्याने दंड आखडून फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग चेहऱ्यावर वेगळाच भाव आला.

"सापडला?"

"स्विच नाही सापडला. हात सापडलाय. निघत नाही."

"गाडी अडकली तर जोर लावू नका," कपाटाने समजावलं.

एवढ्यात दार वाजलं. बनियन आणि लुंगीतले मास्तर दारात. "काकू, माफ करा, पण माझा आवाज तुमच्याकडून कसा काय येतोय?"

"तेच आम्हाला तुम्हाला विचारायचंय," नवरा भिंतीला गाल टेकवून म्हणाला. "आधी फोन बंद करा मास्तर."

"फोन वर राहिला. आणि येताना दार ओढलं गेलं. किल्ली आत."

"घरी कोणी?"

"आमच्या हिचा भाऊ आजारी आहे, तिकडे गेलीय. संध्याकाळी येईल."

"आणि हा धडा?"

"एकच नाही हो. सगळे ओळीने लावलेत. आत्ता कुठे पहिला गिअर चाललाय, घाट अजून पुढे आहे." मास्तर पुढे झाले. "त्यात काय एवढं, हे बटण आहे की समोर."

"नको," नवराबायको एकदम म्हणाले.

मास्तरांचा हात हवेत राहिला. "का?"

"ते बाबांनी लावलंय," नवरा म्हणाला.

"बाबांना विचारू मग. कुठेत?"

सूनबाईने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात पोटावर घेऊन मान खाली घातली. चौघं जिथल्या तिथे राहिले, आणि कपाट त्यांना हँडब्रेक समजावून सांगत राहिलं.

मग सासूबाई उठल्या. सावकाश बटणापाशी गेल्या आणि द्वाड पोराचा कान पिळावा तसं त्यांनी ते पिळलं. टक् झालं. घर एकदम एवढं शांत झालं की नळाची गळती ऐकू आली.

"आई, अगं, ते बाबांनी ठेवलेलं..."

"ह्यांनी कुठलं? मी पुसायला घेतलं की रोज फिरतं ते. कधी इकडे, कधी तिकडे."

"मग सांगायचं नाहीस?"

"कसं सांगू? तू एवढ्या मायेने तारा आणतोस, पिना आणतोस. आणि ही तर रोज दुपारी त्याच्यासमोर उभी राहून टक लावून बघते. म्हटलं, असेल लळा. आपण कशाला मन मोडावं."

सूनबाईचा चेहरा लाल झाला. "मी जागा बघत होते, आई."

"कसली जागा?"

"टेबलाची. शाळेचं काम आलंय, सगळ्या गणवेशांचं. उद्या सकाळी कळवायचंय."

नवऱ्याने अडकलेल्या हातानिशी तिच्याकडे वळायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मास्तर नको तिथे आल्यासारखे रजईची घडी घालायला लागले. सासूबाईंनी त्या धुडाकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. जुन्या सवतीकडे बघावं, तसं काहीसं होतं.

"सगळा संसार हा माणूस ह्याच्याकडे तोंड करून बसला आणि माझ्याकडे पाठ करून," त्या म्हणाल्या. "ह्यांची आठवण येते मला, रोज येते. पण हा आवाज मला कधीच आवडला नाही. मास्तर, तुम्ही त्या बाजूने धरा. न्या हे इथून."