प्रो. अंकुश रामटेके यांचे दोन शब्द

मंडळी, काही माणसं जन्मतःच मालक असतात. मी त्यातला होतो! अशी माझी पक्की खात्री होती, आणि अख्ख्या एकोडीत ती खात्री असणारा मी एकटाच होतो.

साकोलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट घेऊन मी घरी आलो, तेव्हा आमचे बाबा केशवराव अंगणात सायकलची चेन बसवत होते. सारी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेलेला माणूस. त्यांनी आधी हात पुसले, मग सर्टिफिकेट वाचलं आणि म्हणाले, "चांगलं झालं. सानगडीच्या रेवताबाईशी बोलून ठेवलं मी. उद्यापासून तिच्या दुकानात जात जा."

"कायले?"

"कायले म्हणजे? मोटारी भराले शीक. जळालेली मोटार नवी करून देते ते बाई."

रेवताबाई आमच्या भागात प्रसिद्ध होती. तिचा नवरा भैयालाल तलावात मासे धरतो, आणि बाई भावाकडून शिकून मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान चालवते. पण मी कोणाच्या हाताखाली? शक्यच नाही!

"बाबा, मी स्वतःचा धंदा टाकून राहिलो."

हे उगाच नव्हतं. भंडाऱ्याला मी स्वयंरोजगाराचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. तिथल्या टायवाल्या साहेबांनी आमच्याकडून चाळीस वेळा "मी मालक!" असं ओरडून घेतलं. दुपारपर्यंत मी इतका मालक झालो की जेवल्यावर ताट तसंच ठेवून उठलो. वाढणारी बाई मागून ओरडली, "ओ दादा, ताट आपलं आपण धुवाचं!"

तर मी पहिलं काम केलं ते बोर्डाचं. फ्लेक्सवाला प्रफुल्ल माझा वर्गमित्र. 'प्रोप्रायटर अंकुश केशवराव रामटेके' एवढा मजकूर त्याला बसवता येईना, कारण गॉगलवाला फोटो मी लहान करू देईना! शेवटी त्यानं 'प्रोप्रायटर'चं 'प्रो.' करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे कवडूजी बोर्डाखाली मान वर करून उभे.

"प्रोफेसर कधी झाला बाप्पा?"

मी खुलासा करणारच होतो, खरंच सांगतो! पण तेवढ्यात ते म्हणाले, "आपल्या मोहल्ल्यातला पहिला प्रोफेसर!" आणि त्यांचे डोळे भरून आले. आता भरल्या डोळ्यांना 'प्रोप्रायटर' कसं समजावणार?

संध्याकाळी आई, मंगलाबाई, पाणी भरून आली ती घाबरीघुबरी.

"काय रे, तू कोण्या कॉलेजात शिकवतो काय?"

"नाही."

"मग मी हो म्हणून आली ना!"

झालं! दोन दिवसांत लोक मुलांच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म घेऊन यायला लागले. काम मात्र एकही येईना. बरोबरच आहे, प्रोफेसरला बल्ब बदलायला कोण बोलावणार? पंधरा दिवस मी खुर्चीवर बसून फॉर्म भरत राहिलो.

आणि मग आल्या सुमनबाई, आमच्या सरपंच.

"सर, आमच्या बचत गटानं धान उडवाचा मोठा पंखा घेतला. जुनाच आहे, पण मोटार नवी भरून आणली. सोमवारी उद्घाटन. तुम्ही स्वयंरोजगारावर दोन शब्द बोला आन् बटन दाबा. आन् हो, वायरी जोडाले कोणी चांगला माणूस पाहून द्या."

"मीच जोडून देतो!" मी म्हणालो.

सुमनबाईंनी दोन्ही हात जोडले. "इतका शिकलेला माणूस, पण जरासा गर्व नाही!"

सोमवारी सकाळी मी पटांगणावर गेलो. पंखा माणसाएवढा उंच. त्याच्या पुढे मोकळी जागा, तिथे बायका सुपातून धान सोडणार. वाऱ्यानं फोल दूर उडणार आणि दाणे खाली पडणार. पंख्याच्या मागे मंडप आणि खुर्च्या. मोटारीतून तीन वायरी बाहेर आलेल्या, आणि प्रत्येकीला मासे धरायच्या जाळ्याचा दोरा बांधलेला. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"हे कसं गावंढळ दिसते!" मी स्वतःशी म्हणालो. ब्लेडच्या पत्तीनं तिन्ही दोरे कापून खाली टाकले, चकचकीत काळी टेप गुंडाळली आणि जशा हाताला आल्या तशा वायरी जोडून मोकळा झालो.

अकरा वाजता मंडप भरला. पहिल्या रांगेत सुमनबाई, कवडूजी, आणि स्वतः भरलेली मोटार कशी चालते ते पाहायला आलेली रेवताबाई. सोबत तिची सून रंजू. तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बाबा.

मी बोललो. काय बोललो! "मित्रांनो, दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राबणार? मालक व्हा!" टाळ्या पडल्या. रेवताबाईनंही वाजवल्या. मग बायकांनी सुपं उचलली, मी बटण दाबलं.

पंखा सुरू झाला, पण उलटा!

पुढच्या सुपातलं सगळं फोल पंख्यातून आरपार येऊन मंडपात घुसलं. टोळधाड बरी! सुमनबाईंचं हिरवं लुगडं क्षणात खाकी झालं. कवडूजींनी "वाहवा!" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते भरलं. पहिली रांग तिळात घोळवलेल्या लाडवांसारखी दिसायला लागली.

मी पंखा बंद केला आणि माईक धरला. "घाबरू नका! दोन मिनिटांचं काम आहे!"

वायरी उलट-सुलट लागल्या, एवढं मला कळलं. आयटीआयमध्ये शिकवलं होतं की त्या बदलायच्या. किती बदलायच्या, ते मात्र डोक्यातून उडून गेलं. म्हटलं, सगळ्याच बदलू, म्हणजे पक्कं काम! पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. तोवर लोकांनी कपडे झटकले, बायकांनी एकमेकींच्या केसांतलं फोल काढलं आणि सगळे परत आपापल्या जागी बसले. काय तो विश्वास!

मी बटण दाबलं.

मंडळी, दुसऱ्या वेळी बायकांनी सुपं जास्त भरली होती.

मागून कोणीतरी खोकत म्हणालं, "हा मराठीचा प्रोफेसर असन बे!"

पण हसण्यावारी जाण्यासारखं ते राहिलं नव्हतं. गटातल्या बायकांचे चेहरे उतरले. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःची मशीन घेतली होती. "म्हटलं होतं, जुना पंखा नका घेऊ," एक म्हणाली. "पंखा नाही, मोटारच खराब आहे," दुसरी म्हणाली. आणि तिसरीनं सरळ बोट दाखवलं. "मोटार भरणारीनंच घोळ केला!"

सगळ्या माना रेवताबाईकडे वळल्या. आणि मी? मी माईकची वायर गुंडाळत बसलो.

रेवताबाई उठली. पदर झटकला. आधी बोर्डातले फ्यूज काढून कमरेला खोचले, मग माझ्यापुढे हात केला. "पेचकस दे." मी स्क्रूड्रायव्हर दिला.

वाकून तिनं झाकण उघडलं. दोनच वायरींची अदलाबदल केली आणि हळूच, फक्त मलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "तिन्ही सरकवल्या त चक्र तेच राहते, बापू. दोनच बदलाच्या."

उठताना तिची नजर खाली गेली. मातीत तिचे तीन दोरे पडले होते, गाठींसकट, कापलेले. तिनं ते उचलले. आता संपलं!

"बाई, चूक कोणाची होती?" सुमनबाईंनी विचारलं.

रेवताबाईनं मूठ मिटली. "मोटार माह्या दुकानातून आली. निशाणी पक्की बांधाले पाहिजे होती. पुढच्या वेळी बांधीन."

फ्यूज बसले, पंखा फिरला. फोल दूर शेताकडे उडालं, आणि पंख्यापुढे पिवळ्याधमक धानाची रास पडायला लागली. बायका टाळ्या वाजवत होत्या. तिसऱ्या रांगेत बाबा मात्र माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. नुसते पाहत होते. राग परवडला असता!

मी माईक उचलला. दोन शब्द बोलायचे राहिले होते.

"निशाणी पक्कीच होती," मी म्हणालो. "मी कापली. बाईची काही चूक नाही. आन् मी प्रोफेसर नाही, प्रोप्रायटर आहे."

मग कवडूजींनी तोंडातलं उरलेलं फोल थुंकून विचारलं, "ते प्रोफेसरच्या वरचं असते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सानगडीला रेवताबाईच्या दुकानापुढे उभा होतो. "मावशी, मले ठेवून घ्या."

"मालक व्हाचं होतं ना तुले?"

मी पायातल्या चपला काढल्या.

"व्हय ना मालक, कोण नाही म्हणते? पण कायचा मालक होशील, ते आधी हाताले त येऊ दे. बस तिथं."

बसलो. दोन महिने नुसती जळकी तार उपसली. मग तारेखाली बसवायचा कागद कापायला शिकलो, मग तारेचे वेढे मोजायला. चुकलं की बाई ओरडत नसे. चुकलेले वेढे सोडायची आणि तार परत माझ्या हातात द्यायची. बोटं कापली, नखांत वार्निश बसलं, पण रात्री झोप अशी लागायची की काय सांगू! त्या दिवशी तिनं मूठ उघडली असती, तर मी कदाचित गाव सोडून पळालो असतो. तिनं मिटली, म्हणून राहिलो. या उपकाराबद्दल तिचे आभार मानायला गेलो, तर म्हणाली, "बोलू नको, वेढे चुकतीन."

परवा मी पहिली मोटार एकट्यानं भरली. चार दिवस लागले. चालू केली तर नुसती गुणगुणली, खडखड नाही, थरथर नाही. रेवताबाईनं तिच्या पाठीवर तळहात ठेवला, खूप वेळ ठेवला, आणि म्हणाली, "जाऊ दे."

माझा चेहरा पडला. रंजूवहिनी हसायला लागली. "अगा, मोटार गिऱ्हाइकाकडे जाऊ दे म्हणते ते! याच्यावर तिची तारीफ नाही. माह्या लग्नाले आठ वर्षं झाली, माह्या भाजीले नाही म्हटलं कधी!"

मी सायकल अशी हाणली की एकोडीपर्यंत पाय जमिनीला लागला नाही. अंगणातूनच ओरडलो, "बाबा! मी मोटार भरली! बाई म्हणाली, जाऊ दे!"

बाबा उठले. जवळ आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे, बेटा," ते म्हणाले. "मन लहान नको करू. पुढच्या वेळी जमन."

आणि आईनं माझी समजूत काढायला लगेच कढई चढवून भजे काढायला घेतले. खुलासा मी करणारच होतो, मंडळी. पण भजे गरम होते.