भिकाजीमामांनी स्वभाव बदलला

गोव्यात, पार्शातल्या आमच्या वाड्यावर हल्ली सकाळचा पाव वेळेवर येत नाही. यात पोदेराची काही चूक नाही. तो पाव घेऊन वेळेवर निघतो, सायकलचा भोंगा वाजवत वळणापर्यंत येतो आणि तिथं राहणारे भिकाजीमाम त्याला अडवतात. म्हैस व्याली का, मुलगी अभ्यास करते का, तुमच्या बेळगावकडे पाऊस कसा आहे, हे सगळं विचारून होईपर्यंत इकडे आमचा चहा निवतो आणि शाळेत शिकवायला जायची माझी बस चुकायला येते.

हेच भिकाजीमाम पूर्वी भोंगा ऐकला की आतूनच ओरडायचे, "कान फुटूक नाय हत आमचे." पाळीकडच्या एका खाणीवर, ट्रक मोजायच्या काट्यावर त्यांची सारी नोकरी गेली. तिथं त्यांना "थांब" आणि "चल" एवढे दोनच शब्द लागत. निवृत्त होऊन घरी आले तेही हेच दोन शब्द घेऊन. कुणी फाटकाशी आलं की "थांब". काय काम ते सांगून झालं की "चल".

त्यांची बायको, आमची सुमनमामी, वारली आणि पुढचे काही महिने ते तेवढंही बोलेनात. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या अंगणात आले. माझ्या सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. मामांनी खाकरून जाहीर केलं, "उद्यापासून मी बदलतलंय. आधीच सांगून ठेवतंय, मागीर कोणी भियाक नको."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "भिकाजी, स्वभावाक औषद नाय."

"औषद नाय तर पथ्य करूया," माम म्हणाले आणि निघून गेले.

तेव्हापासून कसं काय विचारलं की एकच उत्तर, "पथ्य चालू असा." पहिलं पथ्य हसण्याचं. विहिरीमागं उभे राहून ते सराव करीत. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून सासूबाईंना वाटलं, यांच्या घशात माशाचा काटा अडकला. त्या भाताचा गोळा घेऊन धावल्या. मामांनी तो मुकाट्यानं गिळला. कुणी प्रेमानं काही दिलं तर नको म्हणायचं नाही, हेही म्हणे पथ्यातच होतं.

दुसरं पथ्य अनोळखी माणसाशी बोलण्याचं. म्हापशाच्या बसमध्ये शेजारच्या बाईला त्यांनी विचारलं की आज माशाचं हुमण कसलं केलंत. बाईनं कंडक्टरला बोलावलं. कंडक्टरनं मामांना उचलून पुढं, ड्रायव्हरशेजारी नेऊन बसवलं. तिथं त्यांचं असं काही जमलं, की बस एका थांब्यावर थांबायचीच राहिली आणि ज्यांना उतरायचं होतं ते मागून पत्र्यावर हात आपटत राहिले.

चवथीला ते वाड्यावरच्या प्रत्येक घरी आरतीला गेले. सूर नाही, शब्द पाठ नाहीत. सगळ्यांची आरती संपली तरी यांची एक ओळ शिल्लक असे. घुमट वाजवणारी मंडळी भली, ती ओळ संपेपर्यंत वाजवत राहत.

लोक हसत. मलाही ते सोंगच वाटे. पहिल्या धुण्यात रंग जाईल, असं मी घरात म्हणूनही दाखवलं होतं.

आणि तसा तो गेला. एका पावसाळी सकाळी पोदेराच्या हातून मामांचे पाव चिखलात पडले आणि मामांचा जुना आवाज अख्ख्या वाड्यानं ऐकला. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या दारावरून न थांबता पुढं आला. आमचा पाव अगदी वेळेवर मिळाला, पण तो टोपलीत तसाच उरला. सासूबाई म्हणाल्या, की मी सांगितलंच होतं.

पुढचं मला पोदेरानंच सांगितलं. त्याच दुपारी माम छत्री घेऊन चालत बेकरीवर गेले. भट्टीवरच्या सगळ्या माणसांसमोर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, माझं पथ्य मोडलं, पण मी सोडलेलं नाही. मग तिथंच पिठाच्या पोत्यावर बसून त्यांनी भट्टीवरच्या प्रत्येकाची चौकशी केली. त्यानंतर आमचा पाव पुन्हा उशिरा यायला लागला, आणि या वेळी कुणी कुरकुर केली नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे हळदीच्या पानातल्या पातोळ्या घेऊन गेले. माम दारापुढच्या सोप्यावर बसले होते. रस्त्यानं एक कामकरी बाई डोक्यावर बोचकं घेऊन चालली होती, कोल्हापूरकडची असावी. मामांनी तिला हाक घातली, "गो बाय, वायच टेक मगे. उन्हाची खंय धावतंस?"

मी जागीच थांबले. 'मगे' असं लांबवून म्हणायची ती सुमनमामी. याच सोप्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाक घालायची. आज हुमण कसलं, हा प्रश्न तिचाच. आणि मध्येच तुटणारं ते हसणंसुद्धा, जे माम विहिरीमागं घोटत होते.

"माम," मी म्हटलं, "ह्यां तर मामीचां बोलणां."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "आमी दोगां होतंव. बोलूचो वाटो तिचो, गप रवाचो माझो. ती गेली, आणि घरात नुसतो माझोच वाटो रवलो." मग माझ्या हातातल्या पातोळ्या घेत म्हणाले, "तेच्यावर दीस जाय नाय. म्हणून मियां तिचो घेतलो."

ती बाई फाटकाशी घोटाळत उभी होती. मामांनी पंच्यानं सोपा पुसला. ती बोचकं उतरवून टेकली. माम चहाचं आधण ठेवायला आत गेले, आणि आतूनच तिला विचारू लागले, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं.