डाव्या गुडघ्याचा बिल्ला

त्या किल्ल्यात छत्री, पिशवी आणि दुखणं आत न्यायला मनाई होती. तिन्ही वस्तू दाराशी काउंटरवर ठेवायच्या, बिल्ला घ्यायचा आणि पाचच्या आत परत न्यायच्या, असं पाटीवर लिहिलेलं होतं. कराडच्या ज्येष्ठांच्या सहलीला युरोपात पाऊस लागून चौथा दिवस होता, त्यामुळे छत्र्यांपेक्षा दुखणी जास्त निघाली. कुणी पित्त ठेवलं. एकांनी मानेचा पट्टा काढून दिला, तर काउंटरवरच्या बाईंनी पट्टा परत केला आणि दुखणं तेवढं घेतलं.

इंदुमतीबाई जगदाळ्यांनी गुडघेदुखी दिली.

"नग एक की दोन, विचारतायत," सहलीची व्यवस्था बघणारी पल्लवी म्हणाली.

"दोन. त्यांना सांग, डावं जपून ठेवा. ते जास्त आहे."

त्यांचे यजमान हणमंतराव यांच्याकडे छत्रीशिवाय ठेवण्यासारखं काही नव्हतं. हायस्कुलात तीस वर्षं पीटी शिकवलेला माणूस. चालत राहिलं की गुडघे आपोआप सुटतात, असं त्यांचं मत होतं आणि ते बायकोला सोळा वर्षं ऐकवत होते.

बुरुजाला दोनशे बारा पायऱ्या होत्या. इंदुमतीबाई साडी खोचून एका दमात वर गेल्या. हणमंतराव दर खिडकीशी थांबत राहिले, नदी बघायची आहे असं दाखवत. वर पोचले तेव्हा इंदुमतीबाई पावसात भिजत उभ्या होत्या आणि हसत होत्या. लग्नात हसल्या होत्या तशा म्हणावं, तर लग्नात त्या हसल्याच नव्हत्या. हणमंतरावांना फार बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडी लाजही वाटली.

पावणेपाचला सगळे खाली आले आणि आपापलं दुखणं घेऊन बसकडे गेले. इंदुमतीबाई मात्र दोन्ही बिल्ले मुठीत धरून उभ्या राहिल्या.

"मी म्हणते, इथंच राहू दे की. सुंठीवाचून खोकला गेला."

पल्लवीनं विचारून सांगितलं की तसं चालतं. न नेलेली वस्तू दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला येईल त्याला देतात.

"उद्या पहिलं कोण आहे?"

काउंटरवरच्या बाईंनी वही उघडून पाहिली. उद्या सकाळी तिसरीच्या वर्गाची सहल होती.

"द्या परत," इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी बिल्ले काउंटरवर ठेवले. त्यांचा चेहरा हणमंतरावांना बघवेना. त्यांनी हात पुढे करून एक बिल्ला उचलला.

"हा माझ्या नावावर करा."

"अहो, ते डावं आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

त्यासाठी फॉर्म होता. नाव, नातं, हस्तांतराचं कारण. कारणापाशी हणमंतराव बराच वेळ अडले. शेवटी त्यांनी सांगितलं, "घरातल्या घरात." पल्लवीनं ते तिकडच्या भाषेत लिहिलं, बाईंनी वाचून मान डोलावली आणि शिक्का मारला. उजव्याचा बिल्ला देऊन इंदुमतीबाईंनी ते दुखणं स्वतः परत घेतलं.

दुखणं हाती येताच हणमंतरावांनी काउंटर घट्ट धरला. नंतर छत्रीही त्यांनी तशीच, एका हातानं घेतली. दाराबाहेर बसपर्यंत सात पायऱ्या होत्या, सगळ्या ओल्या.

"उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा," इंदुमतीबाई म्हणाल्या. "घाई नाही. बस थांबते."

ते एकेक पायरी उतरले. चौथ्या पायरीवर ते थांबले आणि कठड्याला टेकले.

"असं रोज दुखतं तुला?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "हे निम्मंच आहे."