विकणे आहे, दोषांसकट

उत्तमरावांनी घर विकण्याची जाहिरात स्वतः लिहिली. ती वाचून दलाल नंदकिशोरने कपाळाला हात लावला.

"बाबूजी, ये विज्ञापन है या पुलिस की रपट?"

जयपूरच्या आदर्श नगरात तीन खोल्यांचं घर. स्वयंपाकघर पावसाळ्यात गळतं. पश्चिमेची खोली तापते. शेजारी पिठाची गिरणी. एवढाच मजकूर होता.

उत्तमरावांचा जन्म रेल्वेचे डबे तपासण्यात गेला होता. चाकावर हातोडी मारायची, दोष लिहायचा, मगच गाडी सोडायची. त्यात नंदकिशोरच्या आधीच्या जाहिरातीत 'अत्यंत शांत' छापलं होतं, आणि घर बघायला आलेल्या बाईंनी गिरणीची घरघर ऐकून उत्तमरावांना तोंडावर 'झूठे' म्हटलं होतं. ते त्यांना लागलं.

त्यांच्या पत्नी तारामतीबाईंना घाई होती. मिरजेला धाकटी बहीण शालन एकटी पडली होती आणि तिच्या शेजारची जागा दिवाळीपर्यंतच यांच्यासाठी थांबणार होती.

"दोष लिहा हवं तर," त्या म्हणाल्या, "पण अंगणातला कडुनिंब तरी लिहा की."

"तो दिसतोच. दिसतं ते लिहायचं नसतं."

पूर्वी अमक्याचं घर म्हटलं की भागायचं, जाहिरात कशाला लागायची, असं पुटपुटत त्या आत गेल्या.

जाहिरात छापून आली आणि माणसं आली, पण घर बघायला नव्हे, झडती घ्यायला. एकाने भिंती ठोकल्या. एक जण न्हाणीघराच्या फरशीला कान लावून बसला.

"छत मान लिया, बाबूजी," तिसरा हळूच म्हणाला. "अब असली बात बताइए."

"हीच असली बात!"

"इतना सच कोई बेवजह नहीं लिखता."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे गावाच्या मनात पौर्णिमा उगवली. जो तो गिरणीवाल्या सुखदेवला विचारू लागला, घरात कुणी मेलं का, कोर्टात काही आहे का. वीस वर्षांपासूनचा शेजारी, पण शेवटी तोही कुंपणाशी आला.

"भाभीजी, हमसे क्या छुपाना?"

त्या दिवशी तारामतीबाईंनी कपाट सरकवून मागची भिंत बघितली.

"अहो, मला सांगितलं नाही असं काही आहे का या घरात?"

उत्तमराव जेवले नाहीत.

मग जवळच्या चौमूं गावाहून भगवानजी आले. निवृत्त मास्तर. घर बघितलं, चहा घेतला आणि खुर्ची पुढे ओढली.

"माताजी, असली बात?"

तारामतीबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"बंदर आते हैं," त्या कुजबुजल्या. "फ्रीज खोलते हैं."

अख्ख्या जयपुरात माकडं येतात, म्हणून उत्तमरावांनी ती लिहिली नव्हती. मास्तरांनी मात्र सुटकेचा श्वास सोडला.

"बस, यही? चौमूं के बंदर तो दरवाज़े की कुंडी खोल लेते हैं!"

घर पसंत पडलं. नीम की छाँव विज्ञापन में क्यों नहीं लिखी, असंही त्यांनी विचारलं. उद्या मुलाला घेऊन बयाण्याचे पैसे द्यायला येतो म्हणाले आणि चहाची पुन्हा तारीफ करून गेले.

फाटक लागलं तसे उत्तमराव गंभीर झाले.

"फार लवकर हो म्हणाला. काहीतरी आहे."

"काय असणार?"

"चहाची दोनदा तारीफ केली. साखर घालायला विसरली होतीस तू."

ते चपला शोधू लागले. चौमूंची बस अजून मिळाली असती.

"हिरवा झेंडा दाखवा आता," तारामतीबाई म्हणाल्या. त्यांनी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली.