आशियात पाणी शिरलं

मी शांत डोक्याचा माणूस आहे, आणि अख्ख्या गोंदियात जुने नकाशे वाचता येणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पहिलीबद्दल आमच्या घरात दुमत आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि गेली अकरा वर्षं सहयोगी प्राध्यापक होण्याच्या बेतात आहे. दर मुलाखतीत समिती विचारते, "बिसेन सर, आपलं मौलिक संशोधन?" मी समोरचं पाणी पितो आणि घरी येतो. यंदाची मुलाखत दिवाळीनंतर होती. त्याआधी ऑक्टोबरात आमच्याच कॉलेजात राज्यस्तरीय परिसंवाद होता. तिथं असा निबंध वाचायचा की बढती स्वतः चालत दारात आली पाहिजे, एवढा माझा साधा बेत होता. फक्त विषय मिळत नव्हता.

तो मला पोळ्याच्या सुमारास झेरॉक्स मशीनवर मिळाला.

आमच्या कार्यालयातला कारकून राजदीप एक वही मशीनवर ठेवून प्राचार्यांच्या हाकेला गेला होता. जाड तपकिरी कागद, सुतळीनं शिवलेला. मी सहज उघडली. पानभर एक वर्तुळ, आणि त्याच्या आत इंग्रजी टी अक्षरासारख्या दोन रेघा!

आता हे समजून घ्या. सात-आठशे वर्षांपूर्वी युरोपातले लोक जगाचा नकाशा अस्साच काढत. गोल जग, भोवती समुद्र, आत टी. वरच्या अर्ध्या भागात आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. मधोमध जेरुसलेम. पूर्व दिशा वर, आणि जगाच्या कडेला एक पायाची, बिनमुंडक्याची चमत्कारिक माणसं. त्या वहीत हे सगळं होतं. वर सूर्य काढला होता, म्हणजे पूर्व वर. मधोमध ठळक खूण. कडेला एका पायावर उभा असलेला प्राणी, आणि त्याच्या शेजारी धड आहे पण डोकं नाही असा माणूस. खाली चंद्रकोरी, काटे आणि कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं. ही लिपी मी कुठंही पाहिली नव्हती.

राजदीप परत आला. मी आवाज साधा ठेवून विचारलं, "ही कुठली?"

"घरची होय सर. आमच्या गावची." त्याचं गाव दवनीवाड्याच्या पलीकडं आहे.

"किती जुनी?"

"माझ्या जन्माच्या आधीची. मायले विचारलं तं..."

"आईंना कशाला त्रास? तुला वाचता येते?"

"मले नाही येत. पण माय..."

"बास," मी म्हणालो. संशोधनात ऐकीव माहितीवर विसंबायचं नसतं, हे मी मुलांना दर वर्षी सांगतो. झेरॉक्स काढून त्याच्या हातात दिली आणि मूळ वही अभ्यासासाठी ठेवून घेतली. तो काहीतरी म्हणत होता. तास होता, मी निघालो.

पुढचा महिना मी घरी असून नसल्यासारखा होतो. एका बाजूला छापील जुने नकाशे, दुसऱ्या बाजूला वही. वहीत काही रेघा लाल, काही निळ्या. जुन्या नकाशांत तांबडा समुद्र खरोखर तांबडा रंगवलेला असतो, हे आठवलं आणि मी एकटाच टाळी वाजवली. एकूण त्रेचाळीस चिन्हं मोजली. पहिली ओळ लागली, असंही मला वाटलं. ती होती, 'पूर्वेच्या देवा, तुला नमस्कार.' एखादा परदेशी प्रवासी वैनगंगेच्या काठानं आला असावा आणि त्याच्या नकाशाच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्या असाव्यात, असा सिद्धान्त तयार झाला. बायको, भाग्यश्री, म्हणाली, "राजदीपच्या आईला एकदा विचारून तर पाहा."

"त्यांचा मध्ययुगाशी काय संबंध?" मी म्हणालो.

सप्टेंबर संपता संपता पाऊस थांबला, आणि राजदीप माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सर, वही पाहिजे होती."

मला कळलं. श्रेय पाहिजे होतं. माणसाचा स्वभावच तो. मी निबंधात आभाराची एक ओळ टाकली आणि त्याला दाखवली. दोन दिवसांनी तो पुन्हा हजर.

"सर, वही द्या. गावात लोक भांडून राहिले."

मी मोठ्या मनानं त्याचं नाव आभारातून काढून सहलेखक म्हणून टाकलं.

"नाव नको जी सर. वही द्या."

आता मला वेगळाच संशय आला. परिसंवादाला नागपूरहून नकाशांचे जाणकार डॉ. इंद्रकुमार येणार होते. त्यांच्या कोणा शिष्यानं राजदीपला फितवलं नसेल कशावरून? मी वही स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात घातली, किल्ली खिशात ठेवली आणि सांगितलं, "परिसंवाद झाला की देतो. तोवर झेरॉक्स वापर."

"झेरॉक्सनंच तं घोळ झाला," तो म्हणाला. मी लक्ष दिलं नाही.

परिसंवादाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पडद्यावर डावीकडे मध्ययुगीन जग, उजवीकडे आमची वही. एकासारखं एक! इंद्रकुमार सर चष्मा पुसून पुढं सरकले. प्राचार्य माझ्याकडे जावयाकडे पाहावं तसे पाहत होते. मी काठी उचलून वरच्या अर्ध्या भागावर टेकवली आणि म्हणालो, "हा आशिया."

"तो माहा हाये," मागून आवाज आला.

दारात दहा-बारा माणसं उभी होती. बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली दिसत होती. पुढं धोतर घोट्याच्या वर खोचलेले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी निळ्या लुगड्यातली बाई. राजदीप त्यांच्या मागं लपायचा प्रयत्न करत होता.

"आपण?" प्राचार्यांनी विचारलं.

"केवळराम पटले. हा वरचा हिस्सा हाये ना, त्या माह्या धानाच्या बांध्या होत. चार दिवसांपासून त्याइच्यात पाणी भरून हाये. धान कापाचा होता, आता पाण्यात उभा हाये. वही कोणी ठेवली?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी प्यायला पाणी शोधलं. नेमकं आज ठेवलेलं नव्हतं.

ती बाई तोवर चपला काढून व्यासपीठावर आली होती. "मी लीलाबाई. राजदीपची माय. हे जग नाही जी गुरुजी. आमच्या तलावाचं पाणी होय."

"हे कोणी काढलंय?" इंद्रकुमार सरांनी विचारलं.

"मीच. माहा मालक तलावावर पाणी सोडे. तो गेला, मंग मी सोडाले लागली. शाळा नाही शिकली, तं आपल्या मनानं खुणा केल्या." तिनं माझ्या हातातून काठी घेतली. मी ती सोडली कधी, हे मला आठवत नाही. "हा गोल नाला. ही नहर. मधात मोहाचं झाड, तिथं नहर दोन्हीकडे फुटते. तीन टोल्याचे तीन हिस्से."

"आणि पूर्व वर का?" इंद्रकुमार सरांनी विचारलं.

"तलावाच्या पाळीवर उभं राहिलं का सूर्य समोरच दिसते."

"हा एका पायाचा माणूस?"

"सारस होय. तो अंडे घालते त्या बांधीत. पिल्लं निघत वरी तिथं जास्त पाणी सोडाचं नाही."

"आणि हा बिनमुंडक्याचा?"

"बुजगावणं. मडकं फुटलं त्याचं."

सभागृह हसलं. मीही हसलो, कारण तेवढंच हातात होतं. मग इंद्रकुमार सरांनी लीलाबाईंना पहिली ओळ वाचायला सांगितली. 

"पाचव्या दिवशी नहरीचं तोंड बांधा," लीलाबाईंनी वाचलं. "लाल रेघ म्हणजे बंद. निळी म्हणजे सोडा."

तेव्हा मला झेरॉक्स आठवली. झेरॉक्समध्ये सगळ्या रेघा काळ्या आल्या होत्या. त्यांच्या गावचा नियम असा की पाळीवर तिन्ही टोल्यांच्या, म्हणजे वस्त्यांच्या, माणसांसमोर वही उघडायची आणि वहीत दिसेल तसं पाणी सोडायचं. लीलाबाईंना सगळं पाठ होतं. पण तोंडचं कोणाचं चालत नाही, खुद्द लीलाबाईंचंही नाही. यंदा लोकांनी माझी झेरॉक्स उघडली. एका टोल्यानं रेघ बंदची धरली, दुसऱ्यानं सोडायची. ज्या टोल्यात धान नुकता निसवत होता, म्हणजे लोंब्या बाहेर पडत होत्या, तिथं थेंब गेला नाही, आणि कापणीला आलेल्या केवळरामच्या बांध्या भरल्या.

मला लाज वाटली. खरंच वाटली. कपाटाची किल्ली मी सगळ्यांसमोर राजदीपला दिली. वही घेऊन ते लगेच निघाले, कारण दुपारपर्यंत पाणी सोडायचं होतं. जाताना केवळराम माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता मारतात. ते शांतपणे म्हणाले, "पाण्यात धान कापाले मजूर भेटून नाही राहिले, सर. इतवारी काय करता?"

रविवारी मी आशियात पोटरीभर पाण्यात विळा घेऊन उभा होतो. राजदीप माझ्यापुढं चार ओळी होता. लीलाबाई बांधावरून सांगत होत्या, "गुरुजी, बुडातून कापा. तुमी शेंडेच कापून राहिले." उजव्या हातच्या त्या कोरड्या टोल्याला पाणी पोचलं होतं आणि तिथला धान वाचला, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. मला बरं वाटलं. कंबर मात्र आठ दिवस सरळ झाली नाही.

दिवाळीनंतर मुलाखत झाली. समितीत इंद्रकुमार सरच होते. या वेळी मौलिक संशोधनाबद्दल कोणी विचारलं नाही. सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "लीलाबाईंचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?"

मी तो खडाखडा सांगितला. अकरा वर्षांत समितीसमोर माझं एवढं एकच उत्तर बरोबर आलं आहे.